चिंचोका परत टाकायचा नाही

नळदुर्गला हायवेलगत हनीफचाचांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपांची तार काढून नवी भरायची, हा त्यांचा धंदा. पण शुक्रवारी नमाजनंतर चार वाजेपर्यंत ते मोटारीला हात लावत नाहीत. तेव्हा बाकावर खेळ मांडतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. भिंत चढता आली का, पहारेकरी फसला का, असा प्रश्न आला की नशीब काढायचं.

बाहेरच्या खेळांत त्यासाठी वीस बाजूंचा फासा असतो. पंचवीस वर्षांपूर्वी सोलापूरला आयटीआयला असताना चाचांना रद्दीत अशा एका खेळाचं नियमांचं पुस्तक मिळालं, फासा मात्र मिळाला नाही. त्यांनी वीस चिंचोक्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले आणि वार्निशच्या रिकाम्या डब्यात टाकले. मोठा आकडा निघाला की काम फत्ते. निघालेला चिंचोका बाहेरच ठेवायचा. डबा रिकामा झाला की मगच सगळे परत आत.

"वाईट नशीब संपतं, हे खेळणाऱ्याला म्हाईत पायजे," चाचा म्हणायचे. "आन् चांगलं बी संपतं."

एकदा एसटीतले कंडक्टर बिरदेवमामा यांनी साधं कुलूप उघडायला वीसचा चिंचोका घालवला, तेव्हा शाळेतले क्लार्क गौरीशंकर म्हणाले, "झालं. आता डबा संपस्तोवर सगळ्यांनी गुमान बसा. मामांनी कुलूप उघडलंय."

ते पुस्तक मिळाल्यापासून आजवर जे जे नवे खेळ हाती आले, त्या प्रत्येकावर चाचांचं मत आहे. आधी तीन शुक्रवार खेळायचं, मग बोलायचं. 'चित्रं लई, खेळ कमी.' 'ह्यो खेळ न्हाय, कोर्टाचा कागद हाय.' 'नियम चांगले, पण खेळणाऱ्याला बोलूच देत न्हाईत.' मी याच बाकावर खेळत मोठा झालो. डिप्लोमा करून सोलापूरला सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागलो, तेव्हा त्यांची मतं इंटरनेटवर एका पानावर टाकू लागलो. चाचांकडं बटनाचा फोन. त्यांची अट एकच: आपला एकही शब्द कापायचा नाही, वाढवायचा नाही. टाकून झालं की विचारायचे, "कमी-जास्त?" मी म्हणायचो, "न्हाय चाचा." हळूहळू लांबलांबचे लोक त्यांचं मत वाचून खेळ घ्यायला लागले.

मागच्या वर्षी मी स्वतः एक खेळ लिहिला, किल्ल्यातल्या पाण्याच्या वाटांवरचा. चिंचोके चाचांचेच घेतले, पण नियम सुधारला: काढलेला चिंचोका परत डब्यात टाकायचा. प्रत्येक वेळी संधी सारखी राहायला हवी, असं मी शिकलो होतो. चाचांची पद्धत मला गणितातली चूक वाटायची. हे त्यांना कधी म्हणालो नाही, सरळ छापलं.

तीन शुक्रवार खेळून चाचांनी मत सांगितलं. "जागा खरी हाय. माणसं खरी हायत. पण चिंचोका परत टाकायला लावला, तिथं खेळ मेला. घेऊ नका."

मी इंटरनेटवर फक्त पहिली दोन वाक्यं टाकली.

"कमी-जास्त?" त्यांनी विचारलं.

"न्हाय चाचा."

पुढच्या छपाईत तीच दोन वाक्यं मी त्यांच्या नावासकट खेळाच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर घेतली.

या जानेवारीत तेर गावात असाच गट चालवणाऱ्या अक्षरा मॅडमनी चाचांना माझा खेळ खेळायला बोलावलं. चाचा इस्त्रीचा सदरा घालून एसटीनं गेले. पुढचं मला मॅडमनीच फोनवर हसत सांगितलं. पाण्यातून बाहेर यायला मॅडमनी तीनदा चिंचोका काढला, तिन्ही वेळा दोनच निघाला. त्यांचं पात्र बुडालं. चाचांनी विचारलं, "मागचा दोन आत कसा गेला?" मॅडम म्हणाल्या, "असं काय करता चाचा, नियमच आहे. तुम्हीच तर वाखाणलाय." आणि त्यांनी मागचं पान पुढं केलं.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, छपाई चांगली हाय."

त्या शुक्रवारी मी नवा आलेला एक खेळ घेऊन गेलो. चाचांनी पाकीट फोडलं नाही. "माझं आता मत न्हाय," म्हणाले. तीन महिने ते हेच म्हणत राहिले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. फातिमाचाची पूर्वीसारखाच चहा पाठवत होत्या, त्यामुळं जास्तच लाज वाटायची.

शेवटी गेल्या आठवड्यात मी चाचांचं पूर्ण मत इंटरनेटच्या पानावर टाकलं, 'घेऊ नका' सकट. खाली लिहिलं की ही वाक्यं मी, कैवल्यनं, कापली होती. उरलेल्या प्रतींची मागची पानं फाडली. शुक्रवारी दुकानात सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बिरदेवमामा आणि गौरीशंकर बाकावरच होते.

"कमी-जास्त?" चाचांनी विचारलं.

"न्हाय."

त्यांनी मग डबा माझ्याकडं सरकवला. मी हात घातला. तीन निघाला. माझ्या खेळाच्या सवयीनं मी तो परत आत टाकायला गेलो.

"राहू दे भाईर," चाचा म्हणाले. "सगळ्यांना दिसू दे."