उस्तादांची सही

वाळूजच्या कारखान्यातला आमचा डिझाइन विभाग एका सोमवारी बंद झाला. काम पुण्याच्या ऑफिसला गेलं आणि आम्ही सात जण घरी आलो. अकरा वर्षं मी तिथं फिक्स्चरची ड्रॉइंग काढत होते. मशीनवर काम होताना लोखंडाचा तुकडा जागेवर घट्ट धरून ठेवणारी ती पकड. ती केसभर चुकली तर तिच्यावर बनलेला प्रत्येक भाग चुकतो. दुसरी नोकरी शोधायची नाही, हे मी त्याच आठवड्यात ठरवलं. वरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि जुन्या ओळखीवर कामं घ्यायला लागले.

काढलेलं प्रत्येक ड्रॉइंग मी उस्तादांकडे न्यायची. ते आमच्या टूलरूममधून, म्हणजे हत्यारं-पकडी बनवणाऱ्या खात्यातून, निवृत्त झालेले. सगळा कारखाना त्यांना उस्तादच म्हणायचा. हर्सूलला भाड्याच्या दोन खोल्यांत बायको आणि धाकट्या मुलीबरोबर राहायचे. चष्मा कपाळावर ढकलून कागद डोळ्यांजवळ धरायचे आणि नेमक्या जागी बोट ठेवायचे.

"बेटा, हा बोल्ट कसायला पाना कुठून घालणार? हात जाईल का इथं?"

हात जायचा नाही. मी घरी येऊन पुन्हा काढायची.

वर्षभरानं वाळूजच्याच एका कंपनीनं मोठं काम देऊ केलं. तिथले खरेदी अधिकारी सरळ माणूस होते. म्हणाले, "काम तुमचं चांगलंय. पण एवढं काम एका व्यक्तीच्या नावानं आमच्याकडं निघत नाही. फर्म नोंदवा, कुठलीही चालेल. दोन महिने थांबतो."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एकटी मालक हो. सगळ्यात सोपं."

सोपं होतं खरं. एक परवाना, एक बँक खातं, झालं. पण मी ज्या सीए मॅडमकडं गेले त्यांनी आधी वेगळंच विचारलं. "तुमच्या नावावर काय काय आहे?"

"निम्मं घर," मी म्हणाले. उरलेलं निम्मं सासऱ्यांच्या नावावर.

"मग नीट विचार करा. एकल मालकीत तुम्ही आणि तुमचा धंदा कायद्याला वेगळे दिसत नाहीत. उद्या ड्रॉइंग चुकलं आणि कंपनीनं नुकसानभरपाई मागितली, तर ती घरापर्यंत येऊ शकते."

घराचं कळलं. पण माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. ड्रॉइंगच्या खाली कोपऱ्यात एक चौकट असते, काढणाऱ्याचं नाव आणि तपासणाऱ्याचं नाव. वर्षभर मी दुसरी जागा कोरी सोडत होते. उस्ताद मोबदला घेत नव्हते आणि नावही लावू देत नव्हते. हे मला यापुढं चालवायचं नव्हतं.

मी हर्सूलला गेले आणि म्हणाले, "उस्ताद, आपण भागीदारी करू."

त्यांनी कप खाली ठेवला. "नाय बेटा. भागीदारीचं नावच काढू नको."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. तरुणपणी चुलतभावाबरोबर त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. भावानं एकदा यांना न विचारता हलक्या लोखंडाचे शाफ्ट बनवून दिले. ते मोडले, एका माणसाचा हात गेला. दावा दोघांवर झाला. भाऊ गाव सोडून गेला आणि यांचं घर विकलं गेलं.

"काम त्याचं, घर माझं," ते म्हणाले. "आता माझी नजर पण पहिल्यासारखी नाय. माझ्या हातून काय सुटलं तर तुझं घर जाईल. मला ते बघायचं नाय."

मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रिक्षात बसल्यावर मात्र एकच डोक्यात होतं, की ज्या कागदावर हा माणूस न घाबरता सही करू शकेल असा कागद असलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सीए मॅडमपुढं सगळं मांडलं. त्या म्हणाल्या, "मग एलएलपी बघा. मर्यादित जबाबदारीची भागीदारी. फर्म स्वतः वेगळी व्यक्ती धरली जाते. एका भागीदाराची चूक दुसऱ्याच्या घरावर जात नाही. मात्र ज्यानं चूक केली त्याची स्वतःची जबाबदारी सुटत नाही, हे लक्षात ठेवा. आणि काम असो नसो, दरवर्षी कागद भरावेच लागतात. उशीर झाला तर दिवसाला दंड."

मी कायद्याची ती कलमं मागून घेतली. चार दिवस बसून साध्या मराठीत वहीत उतरवली आणि ती वही घेऊन हर्सूलला गेले. उस्तादांनी एक ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग मुलीकडून वाचून घेतली.

"म्हणजे माझी चूक माझ्यापाशी?"

"व्हय. आणि माझी माझ्यापाशी."

"असं असेल तर बघू," ते म्हणाले.

दोन दिवसांनी ते तयार झाले, पण पुढं अडचणी निघतच गेल्या. उस्तादांचं नाव पॅनवर एक आणि आधारवर दुसरं. ते दुरुस्त करायला आम्ही तीन वेळा रांगेत उभे राहिलो. फर्मचं पहिलं नाव नाकारलं गेलं, दुसरं मंजूर झालं. वरच्या खोलीचा पत्ता द्यायचा तर सासऱ्यांचं ना हरकत पत्र हवं होतं. त्यांना मी मामा म्हणते. वैजापूरच्या बाजारात जन्मभर मापाडी होते, काट्याकडं बघितल्याशिवाय मान हलवायची नाही ही त्यांची सवय.

"सूनबाई, ह्यानं घरावर काय येणार नाय ना?"

मी तीच वही त्यांच्यापुढं ठेवली. दुपारभर त्यांनी ती वाचली, चार प्रश्न विचारले आणि सही केली.

मुदतीला नऊ दिवस राहिले असताना नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. पहिल्या ड्रॉइंगच्या चौकटीत मी दोन्ही नावं घातली. उस्तादांनी ते बघितलं आणि मापं तपासायला घेतली.

तिसऱ्या वर्षी एक फिक्स्चर खरंच चुकलं. चूक माझी होती. कंपनीचं पत्र आलं ते फर्मच्या नावानं. आम्ही दोघं जाऊन बोललो, नवीन फिक्स्चर फर्मच्या खर्चानं करून दिलं, काम टिकलं. त्या आठवड्यात मला भीती वाटली, पण माझ्या चुकीचं उस्तादांवर काही येणार नाही हे माहीत होतं, म्हणून झोप लागत होती.

गेल्या महिन्यात उस्तादांनी स्वतःहून बाहेर पडायचं म्हटलं. एलएलपीला दोन भागीदार लागतातच, म्हणून मी त्यांच्या धाकट्या मुलीला विचारलं. तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. ती म्हणाली, "आपा, आधी करारनामा पूर्ण वाचते."

तिनं आठवडा घेतला आणि दोन कलमं बदलून मागितली. एक मी लगेच मान्य केलं. दुसऱ्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.