आमचं साडीचं दुकान ऑनलाइन गेलं

जिंतूरच्या एका साडीच्या दुकानात मी बारा वर्षं काउंटरवर आहे. पहिली दहा वर्षं घरी जाऊन सांगावं असं काही घडलं नाही. मग मालकांच्या सुनेनं, मेघानं, दुकानाचं अकाउंट उघडलं. आता मी उंबऱ्यात पाय ठेवला की नवरा आधी विचारतो, "आज काय झालं?"

* * *

पहिल्याच पोस्टखाली मेघानं हॅशटॅग टाकले. तिचे सासरे, म्हणजे आमचे मालक दत्तामामा, चष्मा वर करून म्हणाले, "ह्या दोन उभ्या, दोन आडव्या रेघा कशाला?"

"मामा, ही खूण असली की आपलं दुकान लोकांना लवकर दिसतं."

चौथ्या दिवशी मामांनी पेंटर बोलावला आणि दुकानाच्या पाटीवर नावाआधी हातभर हॅशटॅग काढून घेतला!

रस्त्यानं जाणारे एक आजोबा थांबले. "दत्तराव, आता खाटा-बाजा पण विकायलात का?"

* * *

एकदा मी मेघाजवळ गुडघे दुखतात म्हणाले, आणि तासाभरात माझ्या मोबाईलवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात! मेघा म्हणाली, "काकू, आपण काय बघतो, काय शोधतो, सगळ्याचा माग ठेवतात हे मोबाईलवाले."

मामांनी एवढंच धरलं की फोन ऐकतो. "ऐकायलाय तर ऐकू दे की! फुकटात प्रचार!" आणि फोन तोंडाजवळ धरून ओरडले, "जिंतूरला आमच्याकडं पैठण्या लय झकास!"

संध्याकाळी त्यांच्याच फोनवर पैठणीची जाहिरात आली. परभणीच्या दुसऱ्याच दुकानाची.

मामा फोनकडं बघून म्हणाले, "नमकहराम!"

* * *

मामांना शुगर आहे. एका दुपारी "बँकेत गेलतो" म्हणत आले आणि फोन गल्ल्यावर ठेवला. तो वाजला. तिथंच बसलेल्या मामींनी मोठ्यानं वाचलं, "तुम्ही आत्ताच मिठाईच्या दुकानाला भेट दिलीत. अनुभव कसा होता?"

मामांनी घाईनं तोंड पुसलं!

मामी म्हणाल्या, "सांगा की. इतकं अदबीनं विचारायलाय तो."

* * *

जवळच्या खेड्यातल्या कौसाबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. तेव्हापासून फिक्याच साड्या न्यायच्या. एकदा मात्र पोपटी साडी अंगावर धरून आरशासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, आणि घेतलीही. मेघाला ते इतकं आवडलं की तिनं न विचारताच व्हिडिओ काढून टाकला. तो लय चालला.

आठवड्यानं कौसाबाई दारात. "पोरी, माझ्या दिरानं मोबाईलवर दावलं मला."

मेघाचा चेहराच उतरला. "मावशी, चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं. आत्ता काढून टाकते."

"आता काढून काय करतीस? साऱ्या गावानं बघितलं. दीर बोलला, जाऊ बोलली, भावकी बोलली. समद्यांचं बोलून झालं."

मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी उठून हात जोडले.

कौसाबाईंनी चप्पल काढली, गादीवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या,

"आता ती लाल दाखव."