परक्या खिशातला घोडा

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात तिला सगळे खिसेबाई म्हणत. धुवायला आलेला प्रत्येक कपडा आधी तिच्या हाताखालून जाई. खिसा उलटा करायचा, शिवणीत अडकलेली धूळ लहान ब्रशनं झाडायची आणि जे निघेल ते कागदी पाकिटात घालून, नंबर टाकून, हँगरला टाचायचं. एखादी लिपस्टिक आत राहिली तर मशीनभर कपडे रंगून निघतात, म्हणून मालकीणबाई हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. खिसेबाई म्हणाली खिसा रिकामा होता, की तो रिकामा होता. गिऱ्हाइकंही त्यापुढे वाद घालत नसत.

मागे राहिलेल्या वस्तू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्षभर थांबत. वर्ष उलटलं की मालकीणबाई म्हणत, "ने बाई ती अडगळ." गुंड्या, शिट्ट्या, जोडीदार हरवलेली कानातली. ती सगळं घरी नेई. टाकवत नसे आणि कामाचंही काही नसे.

मग भाचीनं तिला जिओकॅशिंगचा नाद लावला. लोक कुठेतरी डबी लपवून ठेवतात, फोनवर तिची जागा दिसते, आपण जाऊन शोधायची. आतल्या कागदावर नाव लिहायचं. आतलं काही घेतलंच, तर तेवढ्याच तोलामोलाचं काहीतरी ठेवायचं.

"म्हणजे लोकांचा कचरा शोधायला सुट्टीच्या दिवशी उन्हात हिंडायचं?" खिसेबाई म्हणाली होती.

"मावशी, तू आठवडाभर लोकांचा कचराच शोधतेस. निदान हा हवेशीर आहे."

पहिली डबी बागेच्या बाकाखाली लोहचुंबकानं चिकटवलेली निघाली. दोघी बाकावर बसून पायाखालची जमीन उकरत होत्या आणि डबी बुडाखालीच होती! खिसेबाई इतकी हसली की एक आजोबा थांबून पाहू लागले. त्यानंतर सुट्टीचा दिवस या शोधाचाच झाला. कुंपणाचे पोकळ खांब, पुलाचे कठडे, भिंतीतली सैल वीट. रोज पाहिलेल्या रस्त्यांनाही खिसे असतात हे तिला तेव्हा कळलं. घरातली अडगळ हळूहळू गावभर पांगली आणि तिच्या खिडकीत परक्यांच्या वस्तू येऊन बसल्या.

टेकडीवरच्या एका डबीत तिला निळ्या काचेचा पक्षी दिसला. नखाएवढा, चोच मात्र रेखीव. तिचा जीवच जडला त्याच्यावर. त्या दिवशी तिच्या पर्समध्ये नुसत्या गुंड्या होत्या.

"गुंडीवर पक्षी? लाज वाटू दे, मावशी," भाची म्हणाली. पक्षी तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातला पत्र्याचा डबा उघडला. त्यात बुद्धिबळातला एक लाकडी घोडा होता, काळा, एक कान तुटलेला, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. एका कोटातून निघाला होता. कोट न्यायला गिऱ्हाइकाच्या शेजारचं कुणी आलं, तेव्हा पाकीट टाचणीतून निसटून काउंटरमागे पडलं आणि तिला नंतर झाडताना सापडलं. वर्ष व्हायला अजून बराच अवकाश होता. पण एकट्या घोड्याला कोण विचारत येणार? तिनं तो पर्समध्ये टाकला. पुढच्या सुट्टीला पक्षी तिच्या खिडकीत आला.

तो आठवडा सरायच्या आत एक म्हातारे गृहस्थ काउंटरशी उभे राहिले.

"बाई, माझ्या कोटात एक घोडा होता."

मालकीणबाईंनी हसून तिच्याकडे पाहिलं. "हिला विचारा. खिसे हिच्या ताब्यात."

"तसा माझा नव्हे, मित्राचा आहे," म्हातारे सांगू लागले. "जो जिंकतो तो दुसऱ्याचा घोडा खिशात घालून घरी नेतो. पुढच्या डावाला परत आणायचा. म्हणजे हरलेल्याला पुन्हा बोलवावंच लागतं. तरुणपणापासून चाललंय आमचं. मी क्वचितच जिंकतो हो, आणि जिंकलो तर हे असं."

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. पण मालकीणबाई पाहत होत्या.

"नाही काका. खिशात काही नव्हतं."

"तुम्ही म्हणताय म्हणजे नसणारच," ते म्हणाले. "घरीच कुठेतरी पडला असेल." आणि जाताना वर तिलाच म्हणाले, "उगाच त्रास दिला तुम्हाला."

सुट्टीची वाट न पाहता ती संध्याकाळी टेकडीवर गेली. डबीत घोडा नव्हता. कुणीतरी त्याच्या जागी भोवरा ठेवून गेलं होतं, चांगला नवाकोरा. भांडायचं कुणाशी? घेणाऱ्यानं खेळाच्या रीतीनं घेतला होता.

डबीतल्या कागदावर त्याचं नाव होतं, भाचीनं त्याला फोनवरून निरोप धाडला. उत्तर आलं, घोडा त्यानं पाण्याच्या टाकीजवळच्या डबीत सोडला. तिथून तो आणखी कुणीतरी उचलला होता. ती व्यक्ती परगावी, उत्तर द्यायला तिला सवड नव्हती.

"मावशी, त्या काकांना सांगून टाक ना," भाची म्हणाली. "ओरडतील, दुसरं काय?"

"सापडला की घेऊनच जाईन. नुसतं रिकाम्या हातानं काय सांगू?"

आठवड्यांमागून आठवडे गेले. ज्या खेळात ती मुलीसारखी हसली होती, त्यात आता ती दात-ओठ खात डब्या उघडत होती. आतल्या रंगीत वस्तूंकडे तिचं लक्षही जात नसे. अखेर परगावचं उत्तर आलं. बस डेपोमागच्या पादचारी पुलाच्या पायरीखाली, एका जुन्या औषधाच्या डबीत घोडा सापडला. तुटका कान अंगठ्याखाली लागला आणि तिचा जीव भांड्यात पडला. काचेचा पक्षी तिनं तिथे ठेवला, मागे वळून न पाहता.

जुन्या पावतीवर काकांचा पत्ता होता. दार त्यांनीच उघडलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. टेबलावर पट होता, पण घडी करून ठेवलेला.

तिनं घोडा पुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही, नुसता पाहिला.

"मिळाला होय," ते म्हणाले. "ज्याचा होता तो गेला, बाई. मागच्या महिन्यात."

त्यांनी खुर्ची पुढे केली.

"मी जातच नव्हतो त्याच्याकडे. घोडा हरवला म्हणायची लाज वाटायची. तो फोन करायचा, मी सांगायचो गुडघा दुखतोय. म्हटलं, घोडा सापडला की जाऊ. घरातलं कपाटन् कपाट उपसलं." मग त्यांनी विचारलं, "कुठे होता?"

मशीनमागे होता, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. ते चटकन खरंही वाटलं असतं. पण तिनं सगळं सांगितलं. पत्र्याचा डबा, पक्षी, टेकडी, टाकी, पुलाची पायरी. काउंटरवरचं खोटंही. सांगताना मान वर झाली नाही.

ते रागावले नाहीत. डबी कशी असते, फोनवर जागा कशी दिसते, हे त्यांनी बारकाईनं विचारून घेतलं. टेकडीवर नक्की कुठे, हेही.

"त्या दिवशी तो चांगला हिंडत-फिरत होता," ते म्हणाले. "मी तुमच्याकडून घरी आलो, तेव्हा. असल्या उचापतींची त्याला भारी हौस. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत ना, तर मी तडक त्याच्याकडे गेलो असतो. म्हटलं असतं, ऊठ लेका, तुझा घोडा टेकडीवर पळालाय. टोपी घालून माझ्याआधी निघाला असता तो."

ते हसले, आणि हसू आवरायला त्यांना चष्मा काढावा लागला.

खिसेबाई घोडा हातात धरून बसून राहिली. तो कुणाच्या हाती द्यावा, हे दोघांपैकी कुणालाच ठरवता येत नव्हतं.