तुटक रेघ

पोरं त्यांना ‘तुटक सर’ म्हणत आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचं म्हणजे दरवर्षी तेच दळण दळायचं: समोर दिसते ती कड सलग काढा, मागे लपलेली असते ती तुटक. जन्म गेला बिचाऱ्यांचा त्यात. बरोबरीचे लोक वरच्या वर्गांना मोठमोठी यंत्रं शिकवून कुठल्या कुठे गेले, आणि हे आपले कायम पहिल्याच वर्षात. नापास झालेल्या पोरासारखे, असं बायको चेष्टेनं म्हणायची.

आता ते पार थकले होते. ड्रॉइंग हॉलमधल्या उंच टेबलांमधून फिरताना गुडघे कुरकुरत, पण गुडघ्यांचं कोण मनावर घेतंय? खरी धास्ती डोळ्यांची होती. चष्मा बदलून काही व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. बाहेर कळलं की वर्ग गेला, आणि वर्ग गेला तर या माणसाला दुसरं येतंय काय? बायको रोज म्हणे, अहो, कॉलेजात एकदाचं सांगून टाका. ते म्हणत, बघू. त्यावर ती म्हणे, बघायला डोळे लागतात.

एके दिवशी एका मुलीच्या शीटवर त्यांनी लाल पेन्सिलीनं भलामोठा गोल मारला. समोरची कड तुटक काढलीस, लक्ष कुठे असतं, म्हणून सगळ्यांदेखत झापलं. पोरगी गोरीमोरी झाली. शीट निरखून हळूच म्हणाली, ‘‘सर, सलगच आहे.’’

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. कडक पेन्सिलीची खाच कुठेही न तुटता बोटाला लागली. बरं बरं, असं काहीतरी पुटपुटत ते पुढच्या टेबलाकडे सरकले.

पुढच्या आठवड्यात शीट आल्या आणि काय आश्चर्य, सगळं लख्ख दिसू लागलं. त्यांनी खुशीत भराभर तपासायला घेतलं. चार-पाच झाल्यावर मात्र हात थांबला. सगळ्या वर्गाच्या रेघा जाड आणि काळ्याकुट्ट होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी बजावून बंद केलेली मऊ पेन्सिल प्रत्येकानं वापरली होती. कडा फिसकटल्या होत्या, चित्रातली बारीक भोकं रेघांत बुडून गेली होती.

त्यांनी त्या मुलीला विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, ‘‘तुम्हाला दिसावं म्हणून, सर. सगळ्यांनी ठरवलं.’’

त्यांना भडभडून आलं. एवढी माया केली होती पोरांनी. पण त्या मायेपायी ती सगळी चुकीचं शिकत होती, आणि तेही त्यांच्याच वर्गात. हे त्यांच्या जिवाला फार लागलं. आयुष्यभर दुसरं काही जमलं नसेल, पण चुकीची रेघ त्यांनी कुणाला शिकवली नव्हती.

त्यांनी सगळ्या शीट परत वाटल्या. पुन्हा काढा म्हणाले, कडक पेन्सिलीनं, बारीक.

‘‘पण मग तुम्हाला दिसणार कसं?’’ मुलीनं विचारलं.

‘‘नाही दिसणार,’’ ते म्हणाले. ‘‘तपासायला दुसरे सर येतील.’’

मग जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी चाचपत, ते विभागप्रमुखांच्या खोलीकडे निघाले.