पर्मनंट माणसाचा डेरिव्हेटिव्ह

सत्तरच्या दशकात पिंपरीच्या एका कॉलेजात मी गणिताचा हंगामी प्राध्यापक होतो. त्या कारखान्यांच्या पट्ट्यात हंगामी माणसाला कुणी मुलगी देत नसे. माझं लग्न ठरत आलं होतं, पण "पर्मनंट झालात की कळवा," असं मुलीच्या वडिलांनी बजावलं होतं.

त्यातच वरून फतवा आला: बी.एस्सी.चं गणित सुधारा, विद्यार्थ्यांच्या अनुभवातून शिकवा. आमच्या विभागप्रमुखांनी तो आम्हाला स्वल्पविरामासकट उतरवून घ्यायला लावला. सुधारणा उतरवून घेतली की झाली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी मात्र ती मनावर घेतली. लग्न करायचं होतं ना!

माझ्या वर्गातली निम्मी पोरं सकाळी कॉलेज करून दुपारच्या शिफ्टला कंपनीत जायची. त्यांना मी बसच्या वेगावरून, टाकीत चढणाऱ्या पाण्यावरून डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर समजावला. पोरं चक्क प्रश्न विचारायला लागली. शेजारच्या वर्गातून लगेच तक्रार गेली.

मग प्रमुख तपासणीला आले आणि मागच्या बाकावर बसले. त्यांच्या शेऱ्यावर माझं कायम होणं अवलंबून होतं. मी विचारलं, "कॉन्स्टंटचा डेरिव्हेटिव्ह शून्य का?"

भोसरीचा एक जण उठला. "सर, कॉन्स्टंट म्हंजी पर्मनंट. मानूस पर्मनंट झाला की हलतो व्हय कुठं? बदल शून्य!"

वर्ग खो खो हसला. उत्तर बरोबर होतं, म्हणून मीही हसलो, आणि तिथेच घात झाला. कित्येक वर्षं पर्मनंट असलेले प्रमुख तेवढे हसले नाहीत.

'विषय हसण्यावारी नेला जातो,' असा शेरा पडला. माझा वर्ग प्रमुखांनी स्वतःकडे घेऊन पोरांना नोट्स उतरवून द्यायला सुरुवात केली, मला नारळ दिला. पाठोपाठ स्थळही गेलं. फार लागलं ते मला. सुधारणा काढणाऱ्यांच्या नावानं मी मनसोक्त बोटं मोडली.

परीक्षेच्या आधी तोच भोसरीकर बसथांब्यावर भेटला. बिचारा ओशाळला होता.

"सर, नोट्स पाठच व्हईनात. मधीच तुमी शिकवलेलं आठवतंय."

"मग परीक्षेपुरतं विसर ते," मी तिरसटपणे म्हणालो.

तो जागचा हलला नाही. बस आली, गेली.

"सर," तो म्हणाला, "इसरायचं कसं, त्येबी शिकवा की."