लंगडी फाईल

माझ्या धाकट्या जावेला ऑफिसात सगळे टक्केबाई म्हणतात. एखादीला राग आला असता. हिला ते नाव आवडतं, आणि तिला आवडतं हे मला आवडत नाही. तिच्याविषयी लिहायला बसले आहे तर आधीच कबूल करते, तिचं बरं झालेलं मला आजवर कधी गोड वाटलेलं नाही.

आम्ही दोघी एकाच इमारतीत राहतो, ती वर आणि मी खाली. एकाच कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात कामाला जातो. मी बावीस वर्षांपासून, ती आठ. तिला तिथे चिकटवली मीच. "घरात बसून कंटाळा येतो हो ताई," असं ती जिन्यात म्हणाली आणि मी भोळेपणाने साहेबांकडे शब्द टाकला. त्या दिवशी जिन्याऐवजी लिफ्टने गेले असते तर आज खिडकीजवळच्या खुर्चीत मी बसले असते.

कॉलेज छोटं आहे. तिथे मुलाला एकाच विषयाला जुंपत नाहीत. सकाळी तत्त्वज्ञान, दुपारी जीवशास्त्र, संध्याकाळी नाटक, असं चालतं. "हे शिकून पुढे काय होतं?" असा प्रश्न पालक फोनवर विचारायचे आणि मी म्हणायची, "माणूस होतो." माझा मुलगा तिथेच शिकला. बारा वर्षांपूर्वी तो अर्ज घेऊन आला तेव्हा नऊशे अर्ज आले होते आणि पाचशेवीस मुलं घेतली होती. शंभरातली अठ्ठावन्न. तेव्हा हे आकडे कोणी मोजत नव्हतं, मीही नाही. मुलाला पत्र आलं, आम्ही सगळे आनंदाने बाहेर जेवायला गेलो, संपलं.

मग ही आली. नीटनेटकी, हसरी, वेळेच्या दहा मिनिटं आधी येणारी. माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून सगळं काम शिकली. फाईल कशी लावायची ते मी शिकवलं. एका अर्जाला पाच कागद लागतात: अर्ज, गुणपत्रक, निबंध आणि शिक्षकांची दोन पत्रं. पाचही आले की फाईल पुरी, एक जरी राहिला तर आमच्या भाषेत ती लंगडी. लंगड्या फाईलच्या उजव्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने छोटा गोल काढायची, खाली तारीख टाकायची आणि त्या मुलाच्या घरी फोन करायची. "बाळा, तुझ्या शिक्षकांचं पत्र पोचलेलं नाही, बघ जरा." हे काम मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मुलांना दुसरीकडून कळायचा मार्ग नव्हता म्हणून करायची. पाचही कागद आल्यावरच फाईलला रजिस्टरचा नंबर मिळायचा आणि तेव्हाच तो अर्ज मोजला जायचा.

सहा वर्षांपूर्वी एका बैठकीत प्राचार्य तोंड पाडून बसले होते. शेजारच्या शहरातलं कॉलेज आपल्या पुस्तिकेत छापत होतं की आम्ही शंभरातल्या तिसांनाच घेतो. आमचे होते चाळीस. "आपण कमी दर्जाचे ठरतो आहोत," असं ते म्हणाले. सगळे माना खाली घालून बसले असताना माझी जाऊ म्हणाली, "सर, आपण फक्त पुऱ्या फायली मोजतो. अर्ज आला त्याच दिवशी नंबर दिला तर? लंगड्याही अर्जच आहेत ना?"

त्या वर्षी तेराशे फायली पुऱ्या होत्या आणि सहाशे लंगड्या. एका वाक्यात चाळिसाचे सत्तावीस झाले. एक मूल कमी घेतलं नाही, एक शिक्षक वाढवला नाही, आणि कॉलेज एकदम भारी झालं. प्राचार्यांनी टाळी वाजवली. मी पण वाजवली, नाही तर दिसलं असतं.

पुढची गंमत अशी की सत्तावीस छापून आल्यावर अर्ज वाढले. ज्या दारातून माणसं परत पाठवतात त्याच दारासमोर रांग लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सत्ताविसाचे एकोणीस झाले, एकोणिसाचे बारा. गेल्या वर्षी पाच हजार दोनशे अर्ज आणि घेतले चारशे अडुसष्ट. शंभरातले नऊ. त्यात जवळजवळ दोन हजार फायली लंगड्या होत्या. त्या कोणी वाचत नाही, मुदत संपली की सरळ नकार जातो. माझे फोन तिनेच बंद केले. "ताई, उगाच वेळ जातो तुमचा," असं म्हणाली, फार गोड आवाजात. तिला वरची जागा मिळाली आणि खिडकीजवळची खुर्चीही. हिवाळ्यात त्या खुर्चीवर दहा ते बारा ऊन येतं. माझ्या टेबलावर दिवसभर ट्यूबलाइट.

खुर्चीचं एक वेळ मी गिळलं असतं. पण एकदा सगळे आमच्याकडे जेवायला बसले असताना माझे दीर सहज म्हणाले, "वहिनी, तुमच्या लेकाच्या वेळी बरं होतं हो, जो जाईल त्याला घेत. आता बघा म्हणावं." माझ्या मुलाने पाण्याचा ग्लास उचलला आणि तो बराच वेळ पाणी पीत राहिला. जाऊ म्हणाली, "असं काय बोलता!" पण ती हसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मुलाने जे कष्टाने मिळवलं ते हिने रजिस्टरच्या एका रकान्यात स्वस्त करून ठेवलं होतं.

आणि मग यंदा तिच्या मुलीने अर्ज केला.

मुलगी गुणी आहे. लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायची, अजूनही आमच्या घरी येते तेव्हा बेल वाजवत नाही. आम्ही तिला चिमणी म्हणतो. तिला दुसरं कुठलं कॉलेज नको होतं. नाटक आणि जीवशास्त्र दोन्ही एकत्र शिकायचं वेड तिला माझ्या मुलानेच लावलं होतं. जावेने स्वतःहून प्राचार्यांना लिहून दिलं की माझ्या मुलीच्या फाईलला मी हात लावणार नाही, तिचं पाकीटही माझ्या टेबलावर येऊ नये. असं लेखी कोणी मागितलं नव्हतं. सगळं ऑफिस वाखाणत होतं. नात्यातल्यांच्या फायली हाताळू नयेत या नियमात मुलं आणि भावंडं होती, पुतणी नव्हती. म्हणून ती फाईल माझ्या गठ्ठ्यात आली.

त्या दिवशी मी नेहमीसारखी फायली चाळत होते. अर्ज आहे, गुणपत्रक आहे, निबंध आहे, पत्र एकच. हाताने पेन्सिल उचलली, कोपऱ्यात गोल काढला, तारीख टाकली. फोन बंद झाले तरी गोल काढायची सवय सुटलेली नाही. मग नाव वाचलं.

मुदत संपायला एकोणीस दिवस होते. नाटकाच्या शिक्षकांचं पत्र आलेलं नव्हतं. एक शब्द पुरला असता. जिन्यात, दूध घेताना, कुठेही. मी फाईल लंगड्यांच्या कपाटात ठेवली आणि स्वतःला सांगितलं, नियम कोणाचा? तिचाच ना? मग तिलाच कळू दे त्या कपाटात काय असतं ते.

आठवड्याने चिमणी आली. मी कपडे घड्या करत होते. माझ्याशेजारी बसून तिने दोन टॉवेल घडी केले आणि म्हणाली, "काकू, माझी फाईल नीट आहे ना गं? आईला विचारलं तर ती कानावर हात ठेवते."

"मला काय माहीत? आमच्याकडे हजारो फायली असतात," मी म्हटलं.

"पण तू बघितलीस तर सांगशील ना?"

"नियम आहेत बाई आमचे."

तिने तिसरा टॉवेल घेतला. तिला राग आला नाही, हे त्या वेळी मला सोयीचं वाटलं.

शेवटच्या दिवशी मात्र सकाळपासून माझं कशात लक्ष लागेना. चहा अर्धा राहिला. तीन वाजता मी उठले, कपाटातून फाईल काढली, टेबलावर ठेवली आणि फोन उचलला. शाळा पाचपर्यंत उघडी असते, पत्र हातोहात आणता आलं असतं. चार आकडे फिरवले असतील नसतील, तोच मागून आवाज आला.

"ताई, लंगड्यांना फोन करताय? बंद केलंय ना आपण ते? शेवटच्या दिवशी कशाला जीव काढता?"

ती हातात कागदांचा गठ्ठा घेऊन उभी होती. फाईल पालथी होती, नाव तिला दिसत नव्हतं. हसून माझ्या खांद्यावर थोपटलं तिने, शिकाऊ मुलीला थोपटावं तसं. ज्या मुलीला मी स्टुलावर बसवून काम शिकवलं ती मला थोपटत होती.

मी फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, मनापासून ठेवला.

तीन आठवड्यांनी नकार गेला. चिमणी दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला की शिक्षकांनी पत्र वेळेवर लिहिलं होतं, ते तिथल्याच एका खणात पडून राहिलं. जाऊ ऑफिसात दहा मिनिटं आधीच आली. पुस्तिकेसाठी तिने यंदाचा आकडा काढला. आठ पूर्णांक नऊ. प्राचार्य म्हणाले, "वा!" ती म्हणाली, "थँक यू, सर," आणि तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. इतकी वर्षं मी जिची फजिती बघायला टपले होते ती फजिती समोर होती, आणि मला ती धड बघवत नव्हती.

नकार गेलेल्या फायली फाडण्याआधी गठ्ठे बांधतात. तेव्हा तिच्यावरची बंदी संपलेली असते. दुपारी सगळे जेवायला गेले असताना ती एक फाईल घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "ही तारीख तुमच्या हातची."

मी तो गोल खोडायचा विसरले होते. खरं म्हणजे तो तिथे आहे हेच विसरले होते. बावीस वर्षं काढलेला गोल स्वतःला दिसत नाही.

"हो," मी म्हटलं.

"एकोणीस दिवस होते, ताई."

"हो."

माझं उत्तर तयार होतं, नियम तुझाच होता. पण ती पुढे म्हणाली, "त्या शेवटच्या दिवशी तुमच्या हातात फोन होता. कोणाला करत होतात?"

"तिच्या शाळेत," मी म्हटलं.

ती स्टुलावर बसली. तेच जुनं स्टूल. मग तोंडावर पदर धरावा तशी ती फाईल तिने तोंडावर धरली. "आणि मी तुम्हाला अडवलं," ती म्हणाली. "मीच बंद केलं होतं म्हणून तुम्ही इतके दिवस थांबलात, आणि शेवटी राहवलं नाही म्हणून उचललात, तर मी अडवलं."

शेवटच्या दिवसाचं तेवढं खरं होतं. आधीच्या अठरा दिवसांचं खरं तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या रात्री जेवताना तिने सगळ्यांसमोर, चिमणीसमोर, सांगितलं. "चूक माझी आहे. ताई फोन करत होत्या, मी करू दिला नाही." चिमणी उठली आणि आईजवळ गेली. मग माझ्याजवळ आली, माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "थँक यू, काकू." दिरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं.

चिमणी आता दुसऱ्या कॉलेजात जाते, रमली आहे म्हणतात. जावेने प्राचार्यांशी भांडून फोन पुन्हा सुरू केले. पुऱ्या फायलीच मोजायच्या असंही तिने लिहून दिलं आहे. पुढच्या पुस्तिकेतला आकडा चौदाच्या आसपास जाईल. प्राचार्यांनी तोंड वाकडं केलं, आणि हिला आता कोणी टक्केबाई म्हणत नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. चारचौघांत "चूक माझी" म्हणून झाल्यावर माणूस असा हलका होत असेल, हे मला माहीत नव्हतं. तिला ते जमलं, मला अजून जमलेलं नाही, आणि खरं सांगते, तिच्या कुठल्याच गोष्टीचा इतका हेवा मला आजवर वाटला नव्हता.

फोन करायचं काम तिने माझ्याकडेच दिलं. लांबची तार नको म्हणून फोन खिडकीपाशी बसवला आणि स्वतःची खुर्चीही मला दिली. ती आता आत ट्यूबलाइटखाली बसते. दहा ते बारा माझ्या पाठीवर ऊन येतं, आणि ती येता जाता विचारते, "ताई, ठीक आहे ना?" मी हो म्हणते आणि पुढचा नंबर फिरवते.