मोजायचे राहिलेले श्वास

प्रसूती वॉर्डात मुख्य नर्स असलेल्या बाईंचा दरारा होता. नव्या नर्सने तक्त्यावर श्वासांचा आकडा टाकला की त्या विचारायच्या, "मोजलास की ठोकून दिलास?" मग पेशंटच्या छातीवर हात ठेवून, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजायला लावायच्या. पाठीमागे पोरी बोटं मोडत. बाईंना त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं.

त्या दिवशी मात्र बाई रजेवर होत्या. भाचीचं सिझेरियन आधीपासून ठरलेलं होतं, आणि मावशी म्हणून त्या आपल्याच वॉर्डात तिच्या खाटेशेजारी बसल्या होत्या. भूल पाठीतून दिली होती, आणि नंतर दुखू नये म्हणून तिच्यातच थोडं मॉर्फिन. डॉक्टर बजावून गेले होते, दिवसभर आराम पडेल, पण क्वचित श्वास मंदावतो, तेव्हा दर तासाला मोजा.

दुपारी भाची नाक चोळत म्हणाली, "मावशी, नुसती खाज सुटलीय. पण दुखत काहीच नाही गं."

"औषधाचीच खाज ती. झोप जरा."

ती झोपली. बाळ मावशीच्या मांडीवर. उभा जन्म दुसऱ्यांची बाळं पुसण्यात गेलेल्या बाईला घरचं बाळ मिळालं, मग काय विचारता! ड्यूटीवरची नर्स आली. साक्षात बाई बसलेल्या असताना त्यांच्या भाचीचे श्वास आपण काय मोजायचे? त्या मोजतच असणार. तिने सोळा लिहिले, पुढच्या तासाला पुन्हा सोळा. तक्त्यावर पेन चाललेलं बाईंना ऐकू आलं. आपल्याच हाताखाली शिकलेली पोरगी, मोजल्याशिवाय कशाला लिहील? त्यांनी मान वर केली नाही.

बाळ भुकेने रडायला लागलं तेव्हा त्यांनी भाचीला हाक मारली. तिचे ओठ निळे पडले होते. धावपळ झाली, उतारा टोचला, नळी घातली. पण ती शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

चौकशीत तक्त्यावर सही नर्सची निघाली. ती रडत एवढंच म्हणाली, "बाई होत्या ना तिथे." तिला घरी बसवलं. बाईंना साहेबांनी समजावलं, "तुम्ही रजेवर होतात, तुमच्यावर काही येत नाही." ते ऐकून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा दिवस गेले. मग बाळाला खांद्यावर थोपटत बहिणीने विचारलं, "ताई, तू जवळच बसली होतीस ना? नर्स मोजत नाहीये, हे तुला दिसलं नाही?"

"मी बाळाकडे बघत होते," बाई म्हणाल्या.